काळी मेंढी पाण्यापाशीच थांबती

मंद्रूप, ता. १६ डिसेंबर

सुकन्याबाई,

हितं सगळी खुशाल हाईत, शेळ्या धरून. तू पुण्यात खुशाल असशीलच. नसलीस तर तसं कळीव, खोटं लिहू नको.

तू फोनवर म्हणालीस, आजी, माझं ॲप तुझ्या फोनात कवा कवा बंद पडतंय ते ध्यान देऊन बग आन मला सांग. आता सांगायचं कसं, ते तूच सांग. फोनवर तुजं नाव काढलं की तुझा बाप उठून गोठ्यात जातो. जातो आन गोठ्याच्या दारातच उभा राहतो, ऐकत. असल्या माणसापुढं काय बोलायचं. म्हणून म्हटलं, लिहूनच धाडावं. तिसरीपर्यंत शिकलेली अक्षरं कुटं तरी कामाला यायला पायजेत की. शेजारची झीनत, आपल्या गौसची बायको, कागदाचा फोटो काढून तुला धाडती. तिची शिलाई मशीन दिवसभर चालू असती पण माझ्या कागदासाठी थांबवती. गुणाची हाय.

आधी हे सांगते की ॲप मला लई आवडलं. बटण दाबलं की माझाच आवाज माझ्यापुढं बोलायला लागतो. माझा आवाज इतका घोगरा असंल असं वाटलं न्हवतं. तुझ्या आज्यानं चाळीस वर्सं ऐकला आन कवा बोलला न्हाय, देवमाणूस. आन गोष्ट संपली की शेवटी तू येतीस. "गोष्ट सांगितली मंद्रूपच्या अंबूबाईनं. मी सुकन्या. जेवलात का?" असं इचारतीस. मी म्हणते, व्हय बाई, जेवले. शिवबाई हसती मला. वीरभद्रप्पाची म्हातारी गं, ती रोज दुपारी ऐकायला येती. तिला कानडीच जास्त कळतंय, पण म्हणती आवाज गोड लागतो.

आता बंद पडायचं सांगते. एक, फोनची काच काळी झाली की थोड्या वेळानं गोष्ट गप होती. आन दुसरं मला लई इचित्र वाटलं. मी भाकरी थापायला घेतली की गोष्ट थांबती. एकदा न्हाय, कैक वेळा बगितलं. परातीवर थाप पडली की फोन गप. मला वाटतंय थापेच्या आवाजाला त्यो भितो. ऑफिसात तुमी भाकऱ्या करत न्हाईसा, म्हणून तुमाला कळलं नसंल.

शिवबाईला तर वाटतंय गोष्ट संपलीच. काल म्हणाली, अंबूबाई, तुझ्या समद्या गोष्टी अशा मधीच का संपत्यात.

आजी


मंद्रूप, ता. २१ डिसेंबर

सुकन्या बाळा,

तुझं उत्तर झीनतनं वाचून दाखवलं. फोन स्वतःची बॅटरी वाचवायला मागं चाललेली ॲपं झोपवतो म्हणं. माणसावानीच झालं की, आपलं जेवण वाचवायला पाव्हण्याला झोपवायचं. तू सांगितलंस तसं तिनं फोनात जाऊन कायतरी बदललं आन आता काच काळी झाली तरी गोष्ट चालू राहती. परवा काच काळी, वर पदर टाकला, फोन पिठाच्या डब्यावर ठिवला, तरी मी आत बोलतच होते. तेवढं तुमचं जमलं. ॲप करायला तुझ्या जोडीला असती त्या सोनालीला बी सांग, तिचं बी कौतुक हाय. तिची आई तिच्याशी बोलती ना? बोलू दे.

पण भाकरीचं तसंच हाय बग. तू हसलीस म्हणं, झीनत सांगत होती. हसू नको. मी परीक्षा घेतली. एक दिवस थाप न मारता नुसतं बोटानं दाबून दाबून भाकरी केली, म्हटलं बगू फोन काय करतो. तरी थांबला. म्हंजे आवाज न्हवं, त्याला पिठाचीच अडचण असणार. भाकरी मात्र कुटं जाड कुटं पातळ, एक कड करपली. तुझा बाप ताटावर बसला, भाकरी उलटी केली, सुलटी केली, आन तुझ्या आईला म्हणाला, "विजू, ही आईनं केली का शेळीनं?"

तुझी आई हसत न्हाय त्याच्यापुढं, पण मोरीत जाऊन हसली.

तू इचारलंस, गोष्ट थांबती तवा कुणाचा फोन आलता का. न्हाय. चांगलं आठवून सांगते, एक बी फोन आला न्हवता. मला फोन करणार कोण. तू करतीस आठवड्यातनं एकदा, आन ती सिमकार्डाची बाई करती, तिच्याशी मी बोलत न्हाय. तवा फोनचा इचार सोड आन पिठाचा बग.

ज्वारी गुडघ्याच्या वर गेलीया. रानातली खालची पट्टी आधी पेरलेली, तिच्यात हुरडा धरायला लागलाय. तुझा बाप रोज कणीस मोडून बगतो आन कुणालाच देत न्हाय. मागल्या वर्सी बी असंच केलं. शेवटी सगळा हुरडा वाळून ज्वारी झाली. कुणाची वाट बगत होता ते मी काय लिहीत न्हाय.

आजी


मंद्रूप, ता. २७ डिसेंबर

सुकन्या,

तू लिहिलंस ते वाचून जीव थोडा खाली-वर झाला. लोक ॲप घेत्यात, चार दिवस ऐकत्यात, मधीच थांबतंय म्हणून काढून टाकत्यात. संक्रांतीपर्यंत हे दुरुस्त झालं न्हाय तर सोनाली दुसरी नोकरी धरणार आन तुला बी गाशा गुंडाळावा लागंल. तुला वाटतंय की मग तुझा बाप म्हणंल, बगा, मी म्हणत न्हवतो का. बँकेची पक्की नोकरी सोडून पोरगी गोष्टी इकायला गेली.

त्यो म्हणंल का न्हाय, मला ठाऊक न्हाय. बँकेत लागलीस तवा त्यानं गावात घरोघरी पेढे वाटले. आन तू सोडलीस तवा ज्यांनी पेढे खाल्ले तीच माणसं पारावर इचारायला लागली. त्याचा राग तुझ्यावर कमी आन त्या पेढ्यांवर जास्त हाय असं मला वाटतंय. पण रागाच्या भरात बिरुबाची आण घेऊन बसला, आपणहून तुझ्याशी एक शब्द बोलणार न्हाय म्हणून. आन तू बी तसलीच, म्हणालीस त्यांनी बोलावल्याशिवाय उंबऱ्याला पाय लावणार न्हाय. वर्स होऊन गेलं. एकाच मातीची दोन गाडगी.

आता तू जे इचारलंस त्याचं. तुझ्या कंपूटरात दिसतंय की मंद्रूपातनं माझ्याशिवाय आणखी एक जण गोष्टी ऐकतो. रोज काळ्या मेंढीचीच गोष्ट लावतो, मधीच थांबतो, दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासनं लावतो. शेवटापर्यंत एकदा बी गेला न्हाय. कोण हाय त्यो, तुझ्या वळखीचा हाय का, असं इचारलंस.

मी झीनतला वचन दिलंय की सांगणार न्हाय. झीनतनं गौसला वचन दिलंय. गौसनं ज्याच्या फोनात ॲप घालून दिलं त्याला वचन दिलंय. तवा मी सांगत न्हाय.

आपलं दुसरंच लिहिते. काल जेवताना तुझा बाप आमटी भुरकता भुरकता मला म्हणाला,

"आई, ती काळी मेंढी सीना नदीच्या पाण्यापाशी जाऊन उभी राहती. पुढं उतरती का गं पाण्यात?"

मी म्हटलं, "तुला रे कुटनं आठवली?"

"अशीच. ल्हानपणी सांगायचीस की."

"सांगत होते. तू पाण्यापाशी येईपर्यंत घोरायला लागायचास."

"मग सांग की आता. उतरती का?"

मी म्हटलं, "ज्याला पायजे त्यानं शेवटपर्यंत ऐकावी. मला भांडी घासायची हाईत." त्यो तोंड पाडून हात धुवायला गेला. पन्नाशीच्या माणसाला असं छळायला मला बरं वाटलं का? लई बरं वाटलं.

पण बाळा, एवढं ध्यानात घे. त्या दुसऱ्या माणसाची गोष्ट शेवटापर्यंत जायला पायजे. कारण शेवटी कोण बोलतंय ते तुला ठाऊक हाय. त्याला मेंढी कुटं जाती याचं काय पडलेलं न्हाय. आण घेतल्यामुळं फोन करता येत न्हाय, म्हणून एवढाच रस्ता उरलाय त्याला. ह्या ॲपाचं दुसरं काय बी होऊ दे, ही गोष्ट पाण्याच्या पल्याड ने.

आजी


मंद्रूप, ता. ३ जानेवारी

सुकन्याबाई,

काल तू झीनतकरवी माझ्यावर रागावलीस ते पावलं. आता माझं बी ऐक.

तू म्हणालीस, झीनतभाभी, आजीच्या फोनात आलेल्या फोनांची यादी उघडा आन फोटो धाडा. तिनं उघडली आन बगतच राहिली. म्हणाली, "दादी, ये क्या जी, पूरा लाल ही लाल है." समदे मिस कॉल. समदे तुझ्या बापाचे, रोज दुपारचे, भाकरीच्या टायमाला. आन तू तिकडं कपाळाला हात लावून बसलीस की आजीनं लिहून दिलं होतं, एक बी फोन आला न्हाय.

अगं, पण त्यो काय फोन हाय व्हय? तुझा बाप रानातनं निघाला की एक रिंग देतो. एक रिंग म्हंजे निघालो, तवा तापीव. मग मी भाकरी थापायला घेते. कायम असंच हाय. आन घरातनं दोन रिंगा दिल्या म्हंजे जेवायला या. तू सोलापुरात कॉलेजला होतीस तवा शनवारी त्योच तुला दोन रिंगा द्यायचा न्हाय का, आन तू दुपारच्या गाडीनं यायचीस. ह्यात फोन कुटं आला? कुणी उचलत न्हाय, कुणी बोलत न्हाय. दारावर टकटक केली म्हंजे काय पाव्हणा आला असं असतंय का. गावात कुणाला बी इचार, मिस कॉलला फोन म्हणणारा माणूस सापडायचा न्हाय.

तर भाकरी बिचारी उगंच बदनाम झाली. आधी रिंग, मग भाकरी. मी पुढचं बगत होते आन मागचं इसरत होते.

तू जे समजावून धाडलंस ते मी झीनतकडनं दोन डाव ऐकलं, आता बरोबर लिहिते का बग. फोन वाजला की ॲपानं गप बसायचं, ही चांगली सवय तुमीच त्याला लावलेली. आन फोन संपला की परत बोलायला लागायचं. पण तुमी पुण्यात दोघी बसून ते तपासलं तवा दर वेळी फोन उचलला, हॅलो म्हटलं, मग ठिवला. उचलून ठिवलेला फोन त्याला कळतो. न उचललेला फोन संपला कवा हे त्याला कुणी शिकवलंच न्हाय. म्हणून त्यो वाटच बगत बसतो, की आता बोलतील, आता ठिवतील.

मला त्या ॲपाची दया आली बग. आपल्या घरात बी तसली दोघं हाईत.

आणखी एक सांगते. त्या दुसऱ्या माणसाचं नाव मी घेत न्हाय, पण त्याच्या विहिरीवरच्या मोटरीला नवीन स्टार्टर हाय. लाइट आली की स्टार्टर त्याच्या फोनवर रिंग देतो, की मोटर चालू झाली. त्यो बी उचलत न्हाय, यंत्राशी काय बोलायचं. त्यो मोटरीपाशी बसून कानात वायर घालून गोष्ट लावतो, लाइटीची वाट बगत. मेंढी पाण्यापाशी येती, तेवढ्यात लाइट येती. खरं पाणी आलं की गोष्टीतलं पाणी बंद. मग त्यो उठून पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जातो. तवा तुमी दुरुस्ती करशीला ती त्याच्या बी फोनात जाईल असं बगा.

शिवबाईला मी सांगितलं की माझ्या गोष्टींना शेवट असतो. तिचा इश्वास बसला न्हाय.

आजी


मंद्रूप, ता. ९ जानेवारी

सुकन्या बाळा,

तू रातच्याला झीनतला इचारत होतीस की काल दुपारी बाबांच्या फोनवरनं दोन रिंगा आल्या, ते चुकून लागलं का. ती म्हणाली, दादी लिहितील. म्हणून लिहिते, सविस्तर.

नवं ॲप गौसनं दोघांच्या बी फोनात घातलं. माझ्या फोनावर झीनतनं परीक्षा घेतली, गोष्ट लावून मला मिस कॉल दिला. गोष्ट थांबली, रिंग संपली, आन गोष्ट आपली आपण पुढं. परत दिला, परत तसंच. शेवटी शिवबाईनं शेवट ऐकला. म्हणाली, "हां, आत्ता संपली." आन उठून घरी गेली.

काल लाइट दुपारची म्हणून तुझा बाप जेवायला घरी येणार न्हवता, आन तुझ्या आईचं डोकं दुखत होतं, म्हणून रानात भाकरी मी घेऊन गेले. मुद्दाम गेले असं तुला वाटंल तर वाटू दे. तुझा बाप विहिरीच्या काठाला, कडुनिंबाखाली, पाठमोरा. कानात वायर. मी मागं उभी राहिले. मोटर घुर्र करून चालू झाली, खिशातला फोन वाजला आन गप झाला. रोज त्यो तवा उठतो. काल उठायला गेला, गुडघा उचलला, आन तसाच थांबला. कानातली मेंढी परत चालायला लागली असणार. खाली बसला. पाणी आपलं पाटातनं वाहत होतं, कुटं फुटलं तरी त्याचं ध्यान न्हवतं.

मग थोड्या वेळानं मोठ्यानं म्हणाला, "न्हाय अजून."

कानात वायर असली की माणसाला आपला आवाज कळत न्हाय. मी म्हटलं, "कुणाशी बोललास रे?"

दचकला. वायर ओढून काढली. "कुणाशी न्हाय."

"जेवलात का म्हणून इचारलं असंल कुणीतरी."

मी फडकं सोडलं, भाकरी दिली. खाता खाता म्हणाला, "पैलतिराला जाती मेंढी. मला वाटलेलं बुडती."

"बुडंल कशाला. पोहायला येतंय तिला."

"आवाज बारीक झालाय तिचा."

"मेंढीचा?"

माझ्याकडं बगितलं त्यानं. मी बी बगितलं. मग मी म्हटलं, "आण मोडलीस की. 'न्हाय अजून' म्हणालास."

"ते रेकॉर्ड हाय. रेकॉर्डाशी बोललं तर आण मोडत न्हाय."

"बरं. आन मिस कॉल दिला तर मोडती का?"

"मिस कॉल म्हंजे काय बोलणं हाय व्हय?"

"तेच म्हणते मी. पोरीला मी किती समजावलं, ऐकत न्हाय. म्हणती मिस कॉल बी फोनच असतो."

"तिला काय कळतंय," म्हणाला. हात धुतला, धोतराला पुसला. फोन काढला. "नंबर त्योच हाय का तिचा?"

"त्योच हाय."

एक रिंग. दुसरी रिंग. कट केलं आन फोन पालथा घालून गवतात ठिवला, जसा काय त्यो इंगळीवानी डसंल. मग पाटाकडं जाऊन फुटलेलं पाणी फावड्यानं बांधत बसला, पण तोंड फोनाकडं.

तुझी रिंग आली. एकच. तुला सगळं आठवत होतं तर. त्यानं उचलला न्हाय. तू बी त्याचा उचलला न्हाईस ते लई बरं केलंस. उचलला असतास तर दोघांना बी पहिला शब्द सुचला नसता आन भांडणावर आला असता. एक रिंग म्हंजे निघाले. आता कवा निघतीस ते आमाला इचारायला लावू नको. त्येरा तारखेला भोगी हाय. बाजरी दळून आणलीया, तीळ निवडून झाले. हुरड्याच्या पट्टीला त्यानं आज बी कुणाला हात लावू दिला न्हाय, पण काल पहिल्यांदा म्हणाला, "चार दिवस टिकंल."

आजी


मंद्रूप, १३ जानेवारी, भोगी

सुकन्या,

हा कागद मी झीनतला देत न्हाय. लिहायची सवय लागली म्हणून लिहिते. तू आलीस की हातातच देईन, आन तू वाचताना मी तुझं तोंड बगीन. एवढे कागद धाडले, ते वाचताना तुझं तोंड कसं होतं ते मला कुटं बगायला मिळालं.

तुझा बाप सकाळीच आंघोळ करून, नवी टोपी घालून गाडीवर सोलापूरला गेला. म्हणाला, मोटरीचं सामान आणायचंय. मी म्हटलं, आज भोगीचं कुठलं दुकान उघडं असतंय. म्हणाला, हाय एक, स्टँडापाशी. तुझी आई म्हणाली, मग सामान बसवायला मागली सीट पुसून घ्या. त्यानं पुसली. आपल्या टोपीनंच पुसली आन मग टोपी झटकून परत घातली.

भाजी झाली, तीळ भाजून झाले. बाजरीचं पीठ मळून ठिवलंय. चूल पेटलीया पण तवा चढवला न्हाय, कारण रिंग आल्याशिवाय भाकरी थापायची पद्धत न्हाय आपल्यात. शिवबाई येऊन बसलीया. मला बसवत न्हाय म्हणून गोष्ट लावली, काळ्या मेंढीचीच. फोन पिठाच्या डब्यावर ठिवलाय.

तुमी दोघं स्टँडावर काय बोलला असशीला याचा इचार करत होते. कायच न्हाय, असं वाटतंय. त्यानं पिशवी घेतली असंल. तू म्हणाली असशील, मी धरते. त्यो म्हणाला असंल, राहू दे. त्यात त्याची आण मोडली असंल, आन बिरुबाला एक नारळ द्यावा लागंल. नारळ मी आणूनच ठिवलाय.

हे लिहीपर्यंत मेंढी पाण्यापाशी आली बग. मी तिला सांगतीया, बाई उतर, पल्याड तुझं कोकरू हाय. आन आत्ताच फोन वाजला. एक रिंग. तुझ्या बापाची. गोष्ट थांबली. शिवबाईनं माझ्याकडं बगितलं, संपली का म्हणून. मी तिला हातानं थांब म्हटलं. रिंग गेली. फोन गप, आमी दोघी गप. आन मग मेंढी आपली आपण पाण्यात उतरली.

तवा चढवते. आज थाप जोरातच मारणार हाय.